वाळूचं खोड

१२ ऑगस्ट

आज पुन्हा ती सोड्याची गोष्ट झाली. ताईंच्या घरी, त्यांच्या नव्या जावयासमोर, ऐन जेवणात. माझ्या तोंडात घास होता, त्यामुळे उठताही येईना आणि बोलताही येईना.

ताई म्हणजे हिची मोठी बहीण. त्यांचा नवरा, म्हणजे माझा साडू, आमच्या संग्रहालयाचा संचालक. त्याच संग्रहालयात मी दगडांच्या दालनाचा प्रमुख. प्रमुख आपलं म्हणायचं. हाताखाली चिटपाखरू नाही. कपाटं मीच पुसतो, चिठ्ठ्या मीच लिहितो.

तर गोष्ट अशी. नोकरीला लागलो त्या काळात मी एका तपकिरी पट्ट्यांच्या दगडावर 'अश्मीभूत लाकूड' अशी चिठ्ठी लावली. झाड गाडलं जातं, पाण्यात विरघळलेली गारगोटी त्याच्या कणाकणात शिरते आणि लाकडाचा दगड होतो. तसला नमुना आहे असं मला वाटलं. तो निघाला लाव्हा. वाहता वाहता गोठला की लाव्ह्यातही असे पट्टे पडतात. चूक कुणाचीही झाली असती. अजूनही एका बाजूने बघाल तर लाकूडच म्हणाल. पण साडूने तो दगड भर सभेत उलटा केला, मागची बुडबुड्यांची भोकं सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "लाकडात बुडबुडे कुठून आले रे? झाड सोडा पीत होतं का?"

छप्पर उडेल इतके हसले सगळे. त्या दिवसापासून मी 'सुतार'. सगळे तोंडावर म्हणतात, शिपाई तेवढा पाठीमागे म्हणतो. खऱ्या सुतारांशी माझं काही वाकडं नाही, भली माणसं असतात, आमची कपाटं त्यांनीच केलीत. पण मी सुतार नाही. दगड ओळखणं हा एकच गुण माझ्यात आहे आणि नेमका त्याच्यावरच या माणसाने शिक्का मारून ठेवला.

आज जावईबापूंना हसता हसता ठसका लागला. हीसुद्धा हसली. घरी येईपर्यंत मी हिच्याशी बोललो नाही. ही म्हणाली, "अहो, गंमत असते ती." गंमत! एकदा या माणसाला असाच भर सभेत उलटा करून याची भोकं लोकांना दाखवायची आहेत. त्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

१४ ऑगस्ट

खोड आलं. एका खाणवाल्याने संग्रहालयाला दान दिलंय. चार माणसांनी ट्रकमधून उतरवलं. कमरेइतकं लांब, गोल, तपकिरी, आणि कापलेल्या तोंडावर एकात एक सुंदर वलयं. कुणीही शपथेवर सांगावं की झाड आहे. साडू हर्षाने नुसता वेडा झाला. नवं दालन याच खोडाभोवती उभारायचं, उद्घाटन थाटात करायचं, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. संग्रहालय चालवणारं मंडळ यंदा त्याची मुदत वाढवायची की नाही ते ठरवणार आहे. दालन गाजलं तर वाढवतील. म्हणून ही धावपळ.

मला बोलावणं आलं. मी भिंग घेऊन बसलो आणि नीट पाहिलं.

खऱ्या लाकडात नुसती वलयं असून भागत नाही. वलयांना आडव्या छेदणाऱ्या, मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या अगदी बारीक रेघा हव्यात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. इथे एकही नव्हती. भिंगाखाली पेशींच्या सरळ रांगा दिसायला हव्यात. इथे वाळूचे कण होते, स्वच्छ, गोल गोल, एकमेकांना चिकटलेले. मग बाजूने पाहिलं. तोंडावरची वलयं बाजूला आली की लांबीने सरळ धावणाऱ्या रेघा व्हायला हव्यात. या वळून परत फिरत होत्या. आणि त्यांच्या आतून वाळूचे फिकट थर तिरके गेले होते. लाकडाच्या पोटात वाळूचे थर कसे असतील? हा वाळूचा दगड. लोखंड असलेलं पाणी त्यात बाहेरून आत मुरत गेलं आणि थांबेल तिथे गंजाचं एकेक वलय ठेवत गेलं. बस, एवढंच. लाकडाशी सात जन्मांचा संबंध नाही.

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय सुतार? तुझ्या धंद्यातला माल आहे. बोल की!"

शिपाईसुद्धा हसला. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि माझ्या तोंडून निघालं, "लाकूड आहे. उत्तम प्रतीचं."

मी भिंग त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, स्वतः बघून घ्या. त्याने भिंग हातात घेतलं, जरा वेळ चाचपलं आणि डोळ्याला न लावताच परत दिलं. "तू म्हणतोस ना? मग झालं तर."

इतका माज! बघायचीही तसदी नाही.

१५ ऑगस्ट

सकाळपासून तो एक शब्द डोक्यातून जात नाही. मी आजवर एकही खोटी चिठ्ठी लिहिलेली नाही. चुकीची एक, खोटी एकही नाही.

पण दिवसभर विचार केला आणि संध्याकाळपर्यंत मन हलकं झालं. मी काय केलं? एक शब्द बोललो. पाहायला त्याला दोन डोळे आहेत, भिंग मी स्वतः पुढे केलं होतं. संचालक असून ज्याला वाळू आणि लाकूड कळत नाही, त्याची फजिती झाली तर ती माझी करणी म्हणता येईल का?

ही म्हणाली, "आज अगदी गाणं गुणगुणताय?" मी गुणगुणत होतो हे मला माहीतच नव्हतं.

१९ ऑगस्ट

खोडाच्या पाटीचा मजकूर तयार करून त्याच्या खोलीत नेला. म्हणाला, "वाच." मी म्हटलं, कागद समोर आहे. "वाच रे, तुझ्या तोंडून ऐकू दे." म्हणजे आता मी यांना वाचूनही दाखवायचं. वाचलं. मग सहीसाठी कागद पुढे केला तर विचारतो, "कुठे?" मी बोट ठेवलं, माझ्या बोटाला टेकवून त्याने सही ठोकली. तीही वाकडी, अर्धी रेघेखाली. राजेमहाराजे असेच वागत असतील. मोहोर कुठे उमटवायची तेही दिवाणजींनी दाखवायचं.

मी अगदी गरिबासारखा म्हणालो, "पाटीवर फक्त तुमचंच नाव राहू द्या. दालन तुमचं आहे." त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "तुझं मन मोठं आहे हं." मला हसू दाबता दाबता खोकला काढावा लागला.

२३ ऑगस्ट

आज व्हरांड्यात समोरून आला. मी मान हलवली. हा सरळ माझ्या अंगावरून गेला, जणू भिंतच उभी आहे. पुढच्या पायरीवर ठेचकाळला आणि झाडूवाल्या बाईंवर खेकसला, "बादली कुणी ठेवली इथे?" बादली बिचारी भिंतीला टेकून नेहमीच्या जागी होती. पडला असता तर मी वर बघून ढग मोजले असते.

हल्ली हा गाडीही चालवत नाही. ताई सोडायला येतात, न्यायला येतात. त्या दार उघडून धरतात आणि हा रुबाबात उतरतो. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला ड्रायव्हर करून ठेवलंय.

२७ ऑगस्ट

आज माझ्या डोक्यातलं यंत्र पूर्ण जुळलं. अश्मीभूत लाकडांवर उभं आयुष्य घालवलेल्या एक बाई आहेत. त्यांचं नाव आमच्या व्यवसायात जपून घेतात, कारण त्या भीडभाड न ठेवता बोलतात. दगड खोटा असेल तर राजासमोरही खोटा म्हणतील. मी त्यांना उद्घाटनाला बोलावलं. आज त्यांचा होकार आला.

साडूला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "तू माझ्यासाठी एवढं केलंस?" मग माझा कोपर धरला आणि फाटकापर्यंत तसाच धरून चालला. पायऱ्यांवर तर चक्क भार टाकला. सगळे बघत होते. संचालकसाहेबांची मेहेरनजर म्हणे! माझा हात आंबला.

घरी ही म्हणाली, "ताई म्हणत होती, भावजींना हल्ली बरं नसतं."

"त्याला काय धाड भरलीय? लोणी खाल्ल्यासारखा दिसतो."

ही काहीतरी सांगणार होती. माझा चेहरा बघून आत निघून गेली. बरं केलं. त्याच्या सर्दीपडशाची वर्णनं ऐकायला मला वेळ नाही.

२ सप्टेंबर

खोडाचं तोंड घासून आलं. घासणाऱ्याने जीव ओतलाय. आरशासारखं लखलखतंय, वलयं अशी उठून आलीत की मलाच क्षणभर शंका आली. पुन्हा भिंग लावलं. वाळू. शंभर नंबरी वाळू.

साडू आला आणि खोडाशेजारी गुडघे टेकून बसला. दोन्ही तळवे त्याच्यावरून फिरवत राहिला, तान्ह्या पोरावरून फिरवावेत तसे. एके ठिकाणी थांबला. "ही गाठ ना रे? इथे फांदी असणार."

तो लोखंडाचा गोळा निखळून पडलेला खळगा होता. मी म्हटलं, "हो. फांदीच."

"केवढं झाड असेल," तो म्हणाला. मग जरा हळू आवाजात, "मला दुसरं काही नको. जाण्याआधी एवढं एक काम नीट हातून व्हावं."

खोटं का लिहू, मला आत कुठेतरी चरकलं. इतका मऊ आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. पण त्याच वेळी मंडळाचे अध्यक्ष आत आले आणि हा उभा राहून म्हणतो कसा, "या, या! आमच्या सुताराने झाड आणलंय बघा!" अध्यक्ष खो-खो हसले. चरकलेलं जागच्या जागी बसलं.

५ सप्टेंबर

आज सगळं सांगून टाकणार होतो. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला कुणी म्हणायला नको की याला मन नव्हतं.

पाटी रंगवणारा सकाळी विचारून गेला, अक्षरं पक्की करू का? मी म्हटलं, दुपारी सांगतो. जेवण गेलं नाही. म्हटलं, सूड सूड म्हणजे काय, एका दगडापायी म्हातारपणी माणसाची नोकरी घालवायची? त्याला खोलीत जाऊन सांगावं की माझी नजर चुकली, पुन्हा पाहिलं, वाळू आहे. तो हसेल. हसू दे. दालन दुसऱ्या नमुन्यावर उभारता येईल, अजून वेळ आहे.

गेलो. दार उघडंच होतं. भर दुपारी सगळे दिवे लावून बसला होता. हातात कुठलासा फोटो, तोही अगदी नाकाला लावलेला. मी दारात उभा राहिलो. दोन पावलांवर. त्याने मान वर केली, थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

कोण आहे! ज्याच्या ताटाला ताट लावून अर्धं आयुष्य जेवला, ज्याला अख्ख्या गावाचं हसू करून ठेवलं, तो समोर उभा आहे आणि साहेब विचारतायत, कोण आहे.

तसाच मागे फिरलो. पाठीमागून पुन्हा आवाज आला, "कोण? कुणी आहे का?" मी थेट रंगाऱ्याकडे गेलो आणि म्हटलं, कर पक्की.

९ सप्टेंबर

झालं. क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

दालन माणसांनी भरलं होतं. मंडळ झाडून सगळं हजर. त्या बाई पहिल्या रांगेत, गळ्यात भिंग. ही आणि ताई बाजूच्या खुर्च्यांवर. मी मुद्दाम खांबाशी उभा राहिलो. तिथून साडूचा चेहरा समोरून दिसतो.

तो बोलायला उभा राहिला. हातात कागद नव्हता. मला वाटलं, नेहमीप्रमाणे आपलीच आरती ओवाळणार. तो म्हणाला, "या दालनातली एकूण एक चिठ्ठी माझ्या साडूने लिहिली आहे. पाटीवर स्वतःचं नाव नको म्हणाला. आपण सगळे त्याला सुतार म्हणतो. ती सुरुवात मी केली. मला एकच सांगायचंय, या माणसाच्या हाताखालून गेलेल्या दगडाकडे मला कधी दुसऱ्यांदा बघावं लागलेलं नाही. दालनाचा मानकरी तो आहे."

टाळ्या पडल्या. माना वळल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खांब माझ्यापेक्षा बारीक निघाला.

आणि नेमक्या तेव्हा त्या बाई उठून खोडाशी गेल्या. आधी तोंड पाहिलं. भिंग लावलं. बोट ओलं करून दगडावर फिरवलं. मग खाली वाकून बाजू पाहिली. मी काय काय पाहिलं होतं तेच, त्याच क्रमाने. सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "हे लाकूड नाही. वाळूचा दगड आहे. ही गंजाची वलयं आहेत. याला लाकूड कुणी म्हटलं?"

माना पुन्हा माझ्याकडे वळल्या. याच क्षणासाठी मी महिनाभर जगलो होतो. फक्त आता दालनाचा मानकरी मी होतो, म्हणजे खोडही माझ्याच नावावर. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं.

"मी," साडू म्हणाला.

बाईंच्या दिशेने वळला, जरा जास्तच वळला, आणि शांतपणे म्हणाला, "बाकी दालन त्याचं, हे खोड माझा हट्ट. त्याने नंतर मला एकट्याला सांगितलं होतं, वाळू आहे म्हणून. मी ऐकलं नाही. सही माझी आहे, बघून घ्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या! साहेबपण सुतार झाले!" आणि सगळे हसले. छप्पर उडेल इतके. अध्यक्ष हसले नाहीत. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही बरोबर होता." मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला आठवत नाही.

जे मागितलं ते सगळं मिळालं. भर सभा, उलटा दगड, हसू, सगळं. आणि मला एवढं कळेना की माझ्या पदरात काय पडलं. मोठेपणा करायची एक संधी हा माणूस सोडत नाही. माझा सूडसुद्धा यानेच स्वतःच्या हाताने घेऊन टाकला. मला घेऊ दिला नाही.

१० सप्टेंबर

ही सकाळपासून रडत बसली होती. मी म्हटलं, "एवढं काय? चार दिवस हसतील आणि विसरतील."

"त्यांना दिसत नाही हो," ही म्हणाली.

"कुणाला?"

"भावजींना. वर्ष होत आलं. आधी नजरेच्या कडा गेल्या, आता मधलंही जातंय. डॉक्टरांनी हात टेकले. मंडळाला कळलं असतं तर तेव्हाच घरी बसवलं असतं."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ही म्हणाली, "त्यांनी ताईला बजावलं होतं. म्हणाले, त्याला सांगू नका. सगळे माझ्याशी आता मऊ बोलतात. तो एकटाच अजून पूर्वीसारखा चिडतो." मग डोळे पुसून माझ्याकडे बघत राहिली. "आम्हाला वाटायचं, तुम्हाला केव्हाच कळलं असेल. रोज त्यांच्यासमोर असता. खरंच नाही दिसलं तुम्हाला?"

मी आंघोळीला गेलो. नळ सोडून नुसता बसून राहिलो. पायरी, बादली, सही, कोपर. कोण आहे.

१३ सप्टेंबर

मंडळाने त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. त्याने दिला. खोड मागच्या अंगणात नेऊन ठेवलंय, शिपायाने त्यावर ओलं फडकं वाळत घातलंय. अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही वेळीच सांगितलं होतं म्हणे, पण तुमच्या साडूचा हट्ट. आता दालनाचं तुम्हीच बघा." म्हणजे मला बढती मिळतेय. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

ही माझ्यावर रागावलेली नाही. हिला काही माहीतच नाही. तेच जास्त छळतंय.

१५ सप्टेंबर

आज त्याच्या घरी गेलो. ताई त्याला पेपर वाचून दाखवत होत्या. मला बघून थांबल्या.

"कोण आलंय?" त्याने विचारलं.

"मी," म्हटलं. पहिल्यांदाच उत्तर दिलं.

"ये. बस." मग ताईंना म्हणाला, "जरा चहा टाकतेस?" त्या आत गेल्या. तो माझ्या डाव्या खांद्याकडे तोंड करून बसला होता. माझ्याकडे बघतोय असं त्याला वाटत असावं. मी हळूच खुर्ची सरकवून त्याच्या नजरेत बसलो.

म्हणालो, "तुम्ही माझ्यासाठी ते बोलायला नको होतं."

"मुदतवाढ घेऊन मी काय करणार होतो? मी जाणारच होतो. तुझी अजून वर्षं आहेत." त्याने खुर्चीचा हात चाचपला. मग म्हणाला, "एकच विचारतो. खरं सांग. वाळू आहे हे तुला ठाऊक होतं?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"तू दगडांच्या बाबतीत एकदा चुकलास. त्यानंतर मी मुद्दाम, तुझ्या नकळत, तुझी एकेक चिठ्ठी तपासायचो, दिसत होतं तोवर. एक चूक सापडली नाही. म्हणून विचारतो. त्या दिवसापासून घास उतरत नाही बघ. फजितीचं काही नाही रे. पण तू जाणूनबुजून केलं असशील तर..."

खरं सांगायचं म्हणूनच मी गेलो होतो. रस्ताभर वाक्य जुळवलं होतं. तुम्ही मला इतकी वर्षं सुतार म्हणालात म्हणून मी तुम्हाला खड्ड्यात घातलं, असं. ते वाक्य जिभेवर आलं आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे विझत आलेत, पण कपाळ, भुवया, ओठ सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. त्या चेहऱ्यावर हे वाक्य टाकायला माझा हात धजला नाही.

"नाही," म्हटलं. "मला ओळखता आलं नाही. वलयं पाहिली आणि लाकूड समजलो. आऱ्यांसारख्या रेघा बघायला हव्या होत्या, पेशी बघायला हव्या होत्या. नाही बघितल्या. चुकलो."

त्या खऱ्या चुकीच्या वेळी हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. आज चुकलो नव्हतो आणि किती सहज निघाला.

त्याचे खांदे खाली आले. मोठा श्वास सोडला. "बरं वाटलं," म्हणाला. "फार बरं वाटलं. मी काय काय मनात आणत होतो." मग त्याचे ओठ हलायला लागले, गाल हलायला लागले, आणि तो हसायला लागला, अगदी पूर्वीसारखा, पोट धरून. आतल्या दिशेने ओरडला, "अगं ऐकलंस का? सुतार पुन्हा चुकला! डोळे धडधाकट असून चुकला!"

मीही हसलो. त्या नावाला मी आयुष्यात पहिल्यांदा हसलो. त्याने टाळीसाठी हात पुढे केला, तो भलतीकडेच गेला. मी माझा हात तिथे नेऊन टाळी दिली.

ताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातात कप नीट धरवून दिला, मग माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी बशीकडे बघायला लागलो तरी त्या बघतच होत्या. ताईंना नीट दिसतं.